आजीची पिठी, आईचे तांदूळ

गेल्या महिन्यात कुडाळहून एका वाचकभगिनीचे पत्र आले. चांगले दोन पानी, सुवाच्य अक्षरातले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: "डॉक्टर, हल्ली बघावे त्या बाईचे रक्त कमी. आमच्या आजीने पेज, कुळथाची पिठी आणि परसातला लाल माठ यांवर आम्हा सात-आठ पोरांना वाढवले. तेव्हा घरात हिमोग्लोबिन हा शब्द नव्हता आणि कोणाचे रक्तही कमी नव्हते. हे सगळे पाकिटातल्या खाण्याने झाले, असे तुम्ही आपल्या सदरात एकदा ठणकावून लिहा."

बाई, तुमच्या आजीला माझा नमस्कार. पाकिटातल्या खाण्याबद्दल तुमच्याशी माझे भांडणही नाही. पण ठणकावून लिहायला बसलो आणि पेन अडले. कारण माझी आजीही मालवणकडचीच. तिच्या हाताला अशी चव होती की, आज छपन्नाव्या वर्षीही कुठे लसणीची फोडणी बसली की मला ती आठवते. आणि तिच्याच स्वयंपाकघरात वीस वर्षे राबून माझ्या आईचे हिमोग्लोबिन ६.८ वर आले होते. तेव्हा आज औषधाआधी घरची गोष्ट सांगतो.

कोकणातून मुंबईला येणारी गाडी ठाणे सोडते आणि पुढचे पहिले स्टेशन न थांबता मागे टाकते, ते मुलुंड. माझा दवाखाना तिथेच, पूर्वेला. माझ्या लहानपणी, १९७०च्या दशकात, पूर्वेला चाळी आणि बैठी घरे होती आणि पलीकडे मिठागरे आणि खाडी. वडील भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. दोन खोल्यांत आजी, आई, वडील, मी आणि धाकटी बहीण. आतल्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह, शेगडी, पाटा-वरवंटा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला आजीचा बिडाचा तवा. हा तवा तिने गावाहून गोणपाटात गुंडाळून बोटीने आणला होता असे ती सांगे. त्यावर तिच्याशिवाय कोणी घावणे घालायचे नाहीत. कांद्याचा अर्धा तुकडा तेलात बुडवून ती तव्यावरून फिरवी, पातळ पीठ हाताने कडेकडेने सोडी आणि झाकण ठेवी. दीड मिनिटात जाळीदार घावण. सोबत नारळाचा गूळ घातलेला रस.

पण खरे कौतुक तिच्या कुळथाच्या पिठीचे. कुळीथ खापरावर भाजायचे, भरडून सालपटे पाखडायची, मग जात्यावर पीठ. फोडणीला भरपूर लसूण, हिरवी मिरची, कांदा. पाणी उकळले की एका हाताने पीठ सोडायचे आणि दुसऱ्या हाताने ढवळायचे, गुठळी होता कामा नये. वरून दोन आमसुले आणि ओले खोबरे. गरम भात, वर पिठी आणि बाजूला भाजलेला सुका बांगडा. बाहेर पाऊस कोसळत असावा. महागड्या हॉटेलात मी डॉक्टर मंडळींबरोबर जेवलो आहे, पण अशी तृप्ती तिथे झाली नाही. रविवारी तिसऱ्या. बाजारातून आणलेल्या तिसऱ्या आजी विळीवर उघडी, मांसाकडची एक शिंप ठेवून दुसरी टाकून देई आणि त्याचे एकशिपी करी. ताटात शिंपल्या वाजल्या की आम्ही पोरे मोजायला बसायचो, कोणाला किती.

आईच्या ताटात मी कधी मोजल्या नाहीत. तिच्या ताटात त्या नसायच्याच. "तुझ्या आवशीक मासे आवडत नाय," असे आजी म्हणे, आणि आई सांगलीकडची असल्यामुळे आम्हाला ते खरेच वाटे.

वाढण्याचा क्रम ठरलेला होता. आधी वडील, मग मी, मग बहीण, मग आजी. सगळ्यात शेवटी आई, तीही भांडी घासायला घेण्याआधी पातेल्याशी बसून. पिठीचा खालचा थर, एकशिपीचा नुसता रस, कालची भाकरी. आणि त्यावर लगेच कपभर चहा. तो मात्र तिला कोणी नाकारत नसे.

आता तुम्ही म्हणाल, आजी दुष्ट होती. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. पण तिची हकीकत वेगळी आहे. आजोबा गिरणीत होते आणि अकाली गेले. पदरात दोन मुलगे. आजीने लालबागच्या चाळीतल्या आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवली. गावातले अठरा पुरुष, सगळे गिरणीत, पाळ्या वेगवेगळ्या, बायका-मुले गावी. पहाटे चारला उठून पहिल्या पाळीचे जेवण, रात्री बारानंतर शेवटच्या पाळीचे. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या आणि त्यांच्या चुलीवर गिरण्या चालत होत्या असे म्हटले तर ते फार चूक नाही. पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. माझ्या आजीचा काळ त्याच्या आधीचा. तिला सावकार होता आणि भोंगा होता. कामाला जाणाऱ्याचे पान आधी, कारण त्याचा भोंगा चुकला तर त्याची रोजी बुडते आणि त्याची रोजी बुडली तर आपले पैसे बुडतात. अठरा जण जेवून उठल्यावर पातेल्यात जे राहील त्यावर तिने दोन मुलगे आणि स्वतःला जगवले. १९६४ मध्ये वडिलांना भांडुपला नोकरी लागून ती मुलुंडला राहायला आली, तेव्हा खानावळ बंद झाली. खानावळीची शिस्त मात्र तशीच आली.

आईशी तिचे जमले नाही. आई वडिलांच्या कारखान्यातल्या मित्राची बहीण. घाटावरची, म्हणजे आजीच्या लेखी मासा कसा धरावा तेही न कळणारी. आजीने तिला पिठी कधी शिकवलीच नाही. वाटप करायला सांगायची, भाजायला लावायची, आणि फोडणीच्या वेळी "जा, नळ इलो बघ" म्हणून बाहेर पाठवायची. आई वाचणारी होती. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये निघाले, ते तिने दोन-तीन वर्षांनी भिशीच्या पैशांतून घेतले. त्यातली मापे वाटी-चमच्याची, कोणालाही करता येतील अशी. शिवाय कमलाबाई सांगलीच्या, त्यामुळे माहेरचे कोणी पाठीशी उभे राहिल्यासारखे आईला वाटत असावे. आजीला वाचता येत नव्हते. पुस्तक पाहून घरात कोणी स्वयंपाक करते आहे याचा तिला राग आला. ते पुस्तक कित्येक वर्षे आमच्याकडे कपड्यांच्या ट्रंकेत होते, स्वयंपाकघरात नव्हते.

आता मुद्द्याची गोष्ट. आई सुपात तांदूळ निवडायला बसली की खडे बाजूला काढता काढता चिमूट चिमूट तांदूळ तोंडात टाकायची. कच्चेच. कडकड चावायची. आम्हाला गंमत वाटायची. शेजारच्या बायका म्हणत, अशाने लग्नात पाऊस पडतो. आई हसून म्हणे, पडला तेव्हाच. आजी म्हणे, तांदूळ खाऊन अंग पांढरे पडते, बघा तिचा चेहरा. पुढे पुढे हे निवडण्यापुरते राहिले नाही. रात्री डब्याचे झाकण वाजायचे. मी जागा असायचो, मला ऐकू यायचे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. माझे थोरले काका त्यातले. चार-पाच महिने त्यांनी दम धरला, मग लालबागची खोली भाड्याने दिली आणि काका, काकी आणि तीन मुले आमच्याकडे आली. दोन खोल्यांत दहा माणसे. पगार एकच, माझ्या वडिलांचा. आजीने पुन्हा खानावळ हाती घेतली म्हणा ना. रेशनचे तांदूळ ती मापाने काढू लागली. तिसऱ्या बंद झाल्या. पिठी रोजची झाली आणि दिवसेंदिवस पातळ झाली. काकी रत्नागिरीकडची, मासे-पेज जाणणारी, आजीच्या हाताखाली तयार झालेली. दोघींचे चांगले जमायचे. आई त्या घरात, आपल्याच घरात, परकी झाली.

आणि १९८३ च्या मे महिन्यात काकीने आईला रात्री तांदळाच्या डब्याशी पकडले. पकडले हाच शब्द तेव्हा वापरला गेला. माप कमी भरते आहे हे आजीच्या लक्षात आधीच आले होते. "भरल्या घरात चोरून खाता," असे काकी म्हणाली. चोर हा शब्द उच्चारला गेला. वडिलांनी आईला विचारले, तू खाल्लेस का? तिला हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. आपण का खातो हे तिचे तिलाच माहीत नव्हते. मग तिचाही तोल गेला. अकरा महिने पाच माणसे बसून जेवतात त्याचे माप कोण घेणार, असे ती काकांच्या समोर बोलली. संपावरच्या माणसाला बोलू नये ते बोलली. तिसऱ्या दिवशी काका मुलाबाळांसह भांडुपला एका खोलीत राहायला गेले. आजी त्यांच्याबरोबर गेली. जाताना तिने बिडाचा तवा तेवढा उचलला.

मुलुंड ते भांडुप, मध्ये एक नाहूर. दोन स्टेशने. त्यानंतर दोघा भावांत बोलणे झाले ते आजीच्या मरणाला आणि पुढे काकांच्या.

मी मेडिकलला गेलो. १९८९ मध्ये दुसऱ्या वर्षाला असताना रक्तक्षयावर व्याख्यान चालू होते. सरांनी सांगितले की, लोहाची कमतरता असलेल्या माणसाला कधी कधी अन्न नसलेले काहीतरी खाण्याची अनावर इच्छा होते. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, बर्फ, कच्चे तांदूळ. याला पायका म्हणतात. मग त्यांनी विचारले, कोणाच्या घरी आहे का असे कोणी? दोन-तीन हात वर झाले. माझा झाला नाही. मला घाम फुटला होता. सहा वर्षांपूर्वी ज्या गोष्टीवरून आमचे घर फुटले, ती चोरी नव्हती. ते लक्षण होते. पुस्तकात छापलेले, परीक्षेत दोन गुणांना येणारे लक्षण.

त्या शनिवारी घरी जाऊन मी आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली असते, तिथे कागद होता. सोमवारी रक्त तपासले, ६.८. बाईला गरोदरपण नसताना १२ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, आणि ८ च्या खाली म्हणजे तीव्र. ही बाई रोज तीन मजले पाणी चढवीत होती. दम लागतो असे कधी बोलली नव्हती. खोदून विचारल्यावर समजले, पाळी आठ-नऊ दिवस चाले आणि गाठी पडत. हे सांगायचे कोणाला? सासूला? मुलाला?

इथे जरा हिशेब समजून घ्या, कारण तुमच्या घरातही तो लागू आहे. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. पाळीत सर्वसाधारणपणे ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० च्या वर गेले तर तो अतिस्राव, म्हणजे दर महिन्याला ४० मिलिग्रॅमच्या वर लोहाची गळती. जेवणातून अंगी लागते ते दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम, तेही ताट भरलेले असेल तर. म्हणूनच आपल्याकडच्या पोषणतज्ज्ञांनी पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह आहारात असावे असे सांगितले आणि बाईला २९. बाईचे ताट पुरुषापेक्षा लहान असून भागत नाही, या बाबतीत तरी मोठे हवे. आमच्या घरात उलटे होते, आणि आमचे घर काही जगावेगळे नव्हते.

पदार्थांचे म्हणाल तर आजीचे पदार्थ उत्तमच होते. शंभर ग्रॅम कुळथात सात-आठ मिलिग्रॅम लोह असते. पण कडधान्ये आणि पालेभाज्यांतले लोह थोडेच शोषले जाते, मांस-मासळीतले त्याहून बरेच जास्त. तिसऱ्यांत तर लोह भरपूर. म्हणजे ज्यांची गरज कमी त्या माझ्या आणि वडिलांच्या ताटात शिंपल्या, आणि जिची गरज सर्वात जास्त तिच्या ताटात रस. शिवाय वर चहा. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि ते शोषले जात नाही. जेवल्यावर निदान तासभर चहा नको. त्याऐवजी ताटात लिंबाची फोड असावी, आवळा किंवा पेरू असावा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने भाजीतले लोह चांगले शोषले जाते. लोखंडी कढईत किंवा बिडाच्या तव्यावर केलेल्या, विशेषतः आंबट पदार्थांत थोडे लोह उतरते हेही खरे. तेवढ्यापुरता आजीचा तवा आताच्या न चिकटणाऱ्या तव्यापेक्षा सरस.

बीट लाल म्हणून रक्त वाढते, डाळिंब लाल म्हणून रक्त वाढते, असे पुष्कळांना वाटते. खुशाल खा, पण त्यांत लोह फारच कमी आहे. गूळ-शेंगदाण्याने ११ चे १२ होईल एखादवेळ, ७ चे १२ होणार नाही. तिथे गोळ्याच हव्यात. त्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. शौचाला काळे होते म्हणून घाबरून बंद करू नका, ते होणारच. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्या. आणि हिमोग्लोबिन वर आले तरी आणखी तीन महिने घ्या, कारण खर्चाचे पाकीट भरले तरी बँकेतली शिल्लक अजून रिकामी असते. जंताची गोळी विसरू नका, विशेषतः अनवाणी शेतात उतरणाऱ्यांनी. प्रत्येक पांढरी पापणी लोहाचीच असते असेही नाही. आमच्या मुलुंडला सिंधी आणि कच्छी वस्ती बरीच आहे, त्यांच्यात थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात आणि त्यांना लोह देऊन काही होत नाही. तेव्हा तपासल्याशिवाय आपल्या मनाने महिनोन्महिने गोळ्या घेऊ नयेत.

आईला फेरस सल्फेटच्या साध्या गोळ्या सुरू केल्या. पंधरा-वीस दिवसांत तिची तांदळाची ओढ गेली. रक्त वर यायच्याही आधी गेली. असे का होते याचा पूर्ण उलगडा शास्त्राला झालेला नाही, पण होते. आई एकदा सूप मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली होती. म्हणाली, "खावंसंच वाटत नाही रे." दोन महिन्यांनी ९.४. पुढे गर्भाशयात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि आईचा आकडा १२ च्या वर गेला. बाजारातून तिसऱ्या आणल्या त्या दिवशी ती दोन वाट्या जेवली. मासे तिला आवडत होते. सतरा-अठरा वर्षे आम्हाला पत्ता नव्हता.

मी तावातावाने भांडुपला गेलो. आजीला जाब विचारायचा होता. ती एकटीच घरात होती, ऐंशीच्या घरातली, वाकलेली. "इलंस? बस, पान वाढतंय," म्हणाली. भात, पिठी, तोच वास. जेवता जेवता मी सगळे सांगितले, ६.८ सुद्धा सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "रगात कमी? अरे, बायकांचां रगात कमीच आसता." मग थोड्या वेळाने, "माझ्याकडे अठरा पानां उठायची. टोपात जा काय उरात, ता माझां. कधी उरायचां, कधी नाय."

ती मला भात वाढत होती तेव्हा तिची नखे दिसली. मधे खोलगट, कडा वर आलेल्या, चमच्यासारखी. आठच दिवसांपूर्वी मी ते चित्र पुस्तकात पाहिले होते. दीर्घकाळच्या लोहाच्या कमतरतेत नखे अशी होतात. मला ते कळले आणि मी काही केले नाही. तिची पापणी ओढून पाहिली नाही, रक्त घेतले नाही. मी आईच्या बाजूने आलो होतो आणि आईच्या बाजूनेच जेवून परत गेलो. काकीलाही निरोप ठेवला नाही की, तू म्हणालीस ती चोरी नव्हती. खरे सांगायचे तर आपण बरोबर आणि ते चूक, यात मला तेव्हा बरे वाटत होते. दुसऱ्या वर्षी आजी दम लागून, पायाला सूज येऊन गेली. दाखल्यावर वार्धक्य असे लिहिले गेले. रक्त किती होते ते कोणीच पाहिले नव्हते.

तेव्हा, कुडाळच्या ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. रक्त पूर्वीही कमी होते, मोजत कोणी नव्हते. आता मोजतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. देशात ५७. पुरुष शंभरात २५. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे जेवणाऱ्यांत हा एवढा फरक. पाळी आणि बाळंतपणे हे कारण आहेच, पण ताट हेही आहे. तुमच्या आजी स्वतः शेवटी जेवत होत्या का, आणि त्यांच्या पानात काय असे, हे तुम्हाला आठवते का बघा. मला माझ्या आजीचे आठवत नाही. तिला जेवताना मी नीट पाहिलेच नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात माझा चुलतभाऊ काकीला दवाखान्यात घेऊन आला. वय ८२, जिना चढता येत नाही, चेहरा पिठासारखा. चाळीस वर्षांनी ती आमच्या उंबऱ्याशी आली होती, तीही पेशंट म्हणून, कारण भांडुपच्या डॉक्टरांनी तपासण्यांची यादी दिल्यावर घाबरून तिने "आपलो डाक्टर आसा मा" म्हटले. हिमोग्लोबिन ७.१. पाळी थांबून तीस वर्षे झालेल्या बाईचे, किंवा कोणत्याही वयाच्या पुरुषाचे, रक्त एवढे कमी होते तेव्हा नुसत्या गोळ्या लिहून देऊ नयेत. रक्त कुठून तरी जात असते. विचारले तेव्हा समजले, गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी दोन वर्षे रोज, सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर. शौचाच्या तपासणीत रक्त निघाले, दुर्बिणीने पाहिले तर जठरात व्रण. ती गोळी बंद केली, व्रणाचे औषध दिले, लोह दिले.

तिसऱ्या खेपेला ती जरा टवटवीत दिसत होती. तेव्हा मी तिला १९८९ मध्ये सांगायला हवे होते ते सांगितले. कच्च्या तांदळाचे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तो रोग होतो? आणि मी तिका चोर म्हटलंय."

आई वरच्या मजल्यावरच राहते. चौथ्या खेपेला काकी दवाखान्यात न थांबता थेट वर गेली. हातात डबा होता. मी पेशंट सोडून मागोमाग गेलो, म्हटले आता काय होते. आईने दार उघडले. दोघी क्षणभर उभ्या राहिल्या. आईने विचारले, "जेवून आलात का?" काकी म्हणाली, नाय. बस्स, एवढेच. माफी वगैरे कोणी मागितली नाही. माझ्या बायकोने दोघींना टेबलाशी बसवले. माझी बायको आमच्या घरात पहिल्या दिवसापासून सगळ्यांबरोबर जेवायला बसणारी पहिली सून, आईला ते वर्षभर रुचले नव्हते. डब्यात पिठी होती. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "लसूण कमी पडलाय." "म्हातारी आसाच करी," काकी म्हणाली. "नाही," आई म्हणाली, "जास्त घालायच्या. मी सोलून द्यायची ना."

काकीचे हिमोग्लोबिन आता ११.६ आहे. आजीचा बिडाचा तवा तिच्याकडे भांडुपला आहे आणि तो आईने न्यावा म्हणून ती मागे लागली आहे. आई म्हणते, जड आहे, आणायचा कोणी, राहू दे तिथेच. त्यापेक्षा आम्हीच येतो घावणे खायला. गेल्या दोन रविवारी आई रिक्षाने जाऊनही आली.